सहा फूट दहा इंचांचा पाहुणा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मध्येच हसलात की माझी गाडी घसरते आणि आतून सुनंदा ओरडते, "झालं का परत तेच सुरू?" हो, तेच! एका गुणी पोराचं अख्खं करिअर मी श्रीखंडात बुडवायला निघालो होतो, ते. चहा घ्या, चिवडा घ्या आणि ऐका.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आम्ही इथे वेस्ट विंडसरला नव्हतो, अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका कॉलेजच्या गावात होतो. गावाचं नाव नाही सांगत. माझ्यापायी त्या गावाला आधीच पुरेसा ताप झालाय. मी एका बियाण्यांच्या कंपनीच्या लॅबमध्ये, सुनंदा घरी आणि आमची मीनल दहावीत. गावात मराठी घर एकच, ते आमचं. आजूबाजूच्या गावांमध्ये विखुरलेली दहा-बारा कुटुंबं मिळून आमचं महाराष्ट्र मंडळ.

आता मला सांगा, अशा ठिकाणी नागपूरच्या माणसाने हिवाळा काढायचा कसा? सहा महिने दाराबाहेर बर्फ आणि दाराच्या आत सुनंदाचे टोमणे. तेव्हा शेजारचा हँक मदतीला धावून आला. रिटायर्ड पोस्टमन, पोट हे एवढं, मन त्याहून मोठं. एक दिवस बेल वाजवून म्हणाला, "वॅन, कोट घाल. मॅच आहे." वानखडे म्हणणं त्याला जमायचं नाही, म्हणून अख्ख्या गावात मी मिस्टर वॅन.

कॉलेजच्या बास्केटबॉलची मॅच! बारा हजार माणसं एका छपराखाली बेंबीच्या देठापासून ओरडतायत. ज्या माणसाला शाळेत खो-खोच्या टीममध्ये पाणी आणायला ठेवायचे, तो मी, दुसऱ्या हिवाळ्यात रेफ्रीच्या सात पिढ्या काढायला लागलो. तेही अस्सल वऱ्हाडीत. मन मोकळं होतं आणि कुणाला कळत नाही. तिसऱ्या वर्षी मी फॅन क्लबचा रीतसर सभासद झालो. निळी टोपी, निळा स्वेटर, छातीवर बिल्ला. सुनंदा म्हणाली, "लग्नात एवढे नटला नव्हता."

आणि मग ती बातमी आली.

राज्यातला सगळ्यात गाजलेला हायस्कूलचा खेळाडू, डॅरेल नावाचा पोरगा, आमच्या कॉलेजात येणार! मोठमोठी कॉलेजं त्याच्या मागे हात धुऊन लागली होती, सगळ्यांना सोडून तो आमच्याकडे येणार. उंची सहा फूट दहा इंच. आई स्कूल बस चालवते, घरात कॉलेजला जाणारा हा पहिलाच. हँक फोनवर चक्क रडला हो! मीही रडलो. सुनंदाने विचारलं, "कोण गेलं?"

स्वागताची तयारी करायला क्लबची मीटिंग झाली. हँक उभा राहिला आणि बोट नाचवत म्हणाला (बोलत होता अर्थात इंग्रजीत, मी मराठीत सांगतो), "टाळ्या वाजवा. ओरडा. हात मिळवा. बास! गिफ्ट नाही, जेवण नाही, गाडीतून सोडणं नाही. च्युइंगमची गोळीसुद्धा नाही. समजलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण मनात काय म्हणालो, सांगू?

मनात म्हणालो, किती सुसंस्कृत लोक आहेत!

अहो, का नाही म्हणणार? आपल्याकडे लग्नपत्रिकेवर काय छापतात? 'कृपया आहेर आणू नये.' आजपर्यंत तुमच्यापैकी एक तरी माणूस ते वाचून रिकाम्या हाताने लग्नाला गेलाय का? हात वर करा! बघा, एकही नाही. छापणाऱ्याने छापायचं असतं, आणणाऱ्याने आणायचं असतं. मला वाटलं, चला, हँकनेही पत्रिका छापली!

स्वागताचा दिवस उजाडला. ऑगस्टमधलं रणरणतं ऊन. कॉलेजच्या जिमसमोर बँड, बॅनर, निळे फुगे. म्हाताऱ्या-कोताऱ्या बायका तोंडाला निळा रंग फासून नाचतायत. एक गाडी थांबली आणि तिच्यातून डॅरेल बाहेर आला. बाहेर आला म्हणजे, येतच राहिला! आधी बूट, मग गुडघे, मग बराच वेळ नुसताच शर्ट आणि सगळ्यात शेवटी एक लाजरा, कोवळा चेहरा. अठरा वर्षांचं पोर ते. मागून त्याची आई उतरली, डोळे पुसत.

लोकांनी आभाळ फाटेस्तोवर टाळ्या पिटल्या. हात मिळवले. फोटो काढले. आणि मग काय झालं माहितेय?

सगळे घरी गेले!

मी सुन्न. खरंच सांगतो, सुन्न झालो. आईला सोडून आलेलं पोर, भर उन्हात उभं, घामाने निथळतंय आणि एवढ्या हजारो माणसांत एकाने विचारलं नाही की बाबा, पाणी हवंय का? जेवलास का? आमच्या मोहल्ल्यात कुणाचा भाचा मॅट्रिक पास झाला तरी चार घरी केळवणासारखी जेवणं व्हायची. आणि हा राज्यातला पहिला नंबर! मला भयंकर राग आला. घरी येऊन सुनंदाला सांगितलं. ती तर माझ्यापेक्षा चिडली.

"कोरड्या तोंडाने?" ती म्हणाली. "त्याच्या आईसमोर?"

"त्याच्या आईसमोर."

"तुम्ही काय करत होतात?"

"टाळ्या वाजवत होतो."

"शोभतं!" ती म्हणाली आणि भांडी आपटायला लागली.

मीनल टीव्हीसमोरून म्हणाली, "बाबा, दे कान्ट. देअर आर रूल्स."

"तू गप," मी म्हणालो. "जेवू घालायला कसला आलाय रूल?"

आता नशीब बघा. पुढच्याच रविवारी मी दुकानातून परत येतोय आणि फुटपाथवरून कोण चाललंय? डॅरेल! दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या, ऊन डोक्यावर. मी गाडी कर्रकन थांबवली.

"डॅरेल! बस गाडीत!"

"नो, थँक यू, सर."

झालं ना! पहिलं 'नको'. पोरगं वळणाचं आहे, मी खूश. वळणाचा माणूस काही पहिल्या हाकेला गाडीत बसत नाही. मी म्हणालो, "अरे, बस रे!"

"आय रिअली कान्ट, सर."

दुसरं 'नको'. वा! आईने काय छान शिकवलंय!

"मी क्लबचा माणूस आहे," मी छातीवरचा बिल्ला दाखवला. त्याने तो बिल्ला पाहिला आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, उन्हाने. मी खाली उतरलो, त्याच्या हातातल्या पिशव्या हिसकावल्या आणि मागच्या सीटवर टाकल्या. आता सामान माझ्या गाडीत, तर पोरगं जाईल कुठे? थोरल्या माणसाशी झटापट करायची नाही, हे त्याच्या आईने त्याला शिकवलेलं. बसला बिचारा. आमची गाडी छोटी जपानी. त्याचे गुडघे कानाशी लागले. वाटभर तो "सर, आय शुडन्ट" म्हणत होता आणि वाटभर मी "अरे, त्यात काय!" म्हणत होतो.

"फक्त पाणी पिऊन जा," असं म्हणून मी त्याला घरात नेला.

आपल्याकडे 'फक्त पाणी' म्हणजे काय, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यातून त्या संध्याकाळी मंडळाचा कार्यक्रम होता. सुनंदाने, तिथे चक्का मिळत नाही म्हणून, सावर क्रीमचं श्रीखंड करून ठेवलेलं, पातेलंभर, वेलदोडा-केशर घालून. आणि पुऱ्यांची कणीक तिंबून तयार. दारात सहा फूट दहा इंच पाहताच तिने कढई चढवली. विचारलंसुद्धा नाही!

"मॅम, नो, प्लीज," डॅरेल म्हणाला.

"बस, बाळा," सुनंदा म्हणाली. तिला इंग्रजी येत होतं हो, पण वाढताना ती मराठीतच बोलते.

पहिली पुरी पानात पडली. पोराने आमच्याकडे पाहिलं, पुरीकडे पाहिलं. डॉर्मच्या कँटीनचं खाऊन आठवडा झालेला. वेलदोड्याचा वास दरवळत होता. त्याने एक घास घेतला आणि डोळे मिटले. मग जे झालं, त्याला मी तरी जेवण म्हणणार नाही. सुनंदाची कढई कमी पडली! तो दर थोड्या वेळाने भानावर येऊन हात आडवा करायचा, "नो मोर, मॅम," आणि सुनंदा त्या आडव्या हाताखालून अशी सफाईने पुरी सरकवायची की मी बघतच राहिलो. मंडळाचं श्रीखंड तळाला गेलं.

"बाबा," मीनल माझ्या कानाशी लागली, "ही सेड नो. लाइक, अ हंड्रेड टाइम्स."

"अगं, तसं म्हणायची पद्धत असते," मी म्हणालो.

आणि मग सत्कार! आता सत्काराशिवाय पाठवायचा का? मंडळाच्या पाहुण्यांसाठी आणलेली शाल होती, नारळ होता. पण शाल घालायची कशी? माझा हात त्याच्या खांद्याला पोचेना. शेवटी मी किचनमधल्या स्टुलावर चढलो. शाल त्याच्या एका खांद्यावरून निघाली आणि दुसऱ्या खांद्यापर्यंत पोचता-पोचता संपली. सुनंदाने हातात नारळ दिला. तो नारळ त्याच्या पंजात लिंबाएवढा दिसत होता. तेवढ्यात तिला काय वाटलं कुणास ठाऊक, आत गेली आणि कपाटातून चांदीची वाटी घेऊन आली.

"अगं, ती तुझ्या माहेरची..."

"पहिल्यांदा घरी आलाय. आई नाही जवळ त्याची," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मी वाटी पुसून दिली.

डॅरेल अक्षरशः हात जोडत होता. "मॅम, आय कान्ट टेक धिस. प्लीज."

हात जोडतोय! मला तर भडभडून आलं. म्हटलं, बघा, परक्या देशातलं पोर, पण आपले संस्कार!

मी मीनलला आमचा झटपट फोटो काढणारा कॅमेरा आणायला लावला. फोटो काय सुरेख आला! स्टुलावर मी, शालीत डॅरेल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात चांदीची वाटी, तोंडावर श्रीखंड. आता असा फोटो घरात ठेवायचा का? मी मंगळवारी क्लबमध्ये गेलो आणि नोटिस बोर्डवर मधोमध टाचणी लावून टांगला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'वानखडे कुटुंबातर्फे हार्दिक स्वागत.' इंग्रजीत लिहिलं. सगळ्यांना कळावं म्हणून!

हँक आला. हातात कॉफी. बोर्डासमोर थांबला. फोटोला नाक लागेपर्यंत वाकला.

"वॅन, हे त्याच्या हातात काय आहे?"

"नारळ."

"आणि दुसऱ्या हातात?"

"वाटी. खरी चांदी!" मी अभिमानाने म्हणालो.

"तोंडाला काय लागलंय?"

"जेवण."

"तो तुझ्या घरी आला कसा?"

"मी गाडीतून आणला ना! यायला तयारच नव्हता!"

हँकच्या हातातून कॉफीचा कप पडला. खोटं सांगत नाही, पडला. तो भिंतीला धरून खुर्चीत बसला. मला वाटलं, हार्ट अटॅक! मी पाणी आणायला धावलो, तर तो ओरडला, "कुणाला काही देऊ नकोस! आधी तो फोटो खाली उतरव!"

मग त्याने मला समजावलं. हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं. क्लबच्या माणसाने खेळाडूला काही म्हणजे काही द्यायचं नसतं. बाकी कॉलेजांत फॅन लोक पोरांना चोरून पैसे देतात, गाड्या देतात, म्हणून कॉलेजांच्या खेळावर लक्ष ठेवणाऱ्या समितीने कडक नियम केलेत. नियम मोडला तर शिक्षा फॅनला कमी, पोराला जास्त. वर्षभर बाहेर बसवतील. स्कॉलरशिपही जाऊ शकते. आणि स्कॉलरशिप गेली तर स्कूल बस चालवणारी त्याची आई त्याला कॉलेजात ठेवणार कशी?

मी म्हणालो, "हँक, श्रीखंडाने?"

"मी सांगितलं नव्हतं? च्युइंगमची गोळीसुद्धा नाही म्हणालो होतो!"

"मला वाटलं, तसं म्हणायची पद्धत असेल."

हँकने माझ्याकडे असं पाहिलं की अजून आठवलं तरी मान खाली जाते. म्हणाला, "वॅन, आम्ही नाही म्हणतो तेव्हा नाही असतं."

घरी आलो. सुनंदाला सांगितलं. ती मटकन खाली बसली. "म्हणजे मी जेवू घातलं म्हणून पोराचं शिक्षण जाणार? मी त्याच्या आईला काय तोंड दाखवू?" आणि रडायला लागली. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. मीनल जिन्यात उभी राहून म्हणाली, "आय टोल्ड यू, बाबा." एवढंच म्हणाली. पुढचं काही बोलली असती तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी दारात कॉलेजचे, खेळाडूंचे नियम बघणारे साहेब हजर. मिस्टर प्रुइट. टाय, चष्मा, चेहऱ्यावर सुरकुतीएवढंही हसू नाही. आणि त्यांच्या मागे मान खाली घातलेला डॅरेल. त्याच्या हातात कागदी पिशवी, आणि पिशवीत घडी घातलेली शाल, रुमालात गुंडाळलेली वाटी आणि नारळ! पोरगं सोमवारी सकाळी स्वतःच कोचकडे गेलं होतं, आणि म्हणालं होतं, "त्यांनी मला दिलं. मी थांबवू शकलो नाही." मी फोटो लावायच्या आधीच!

प्रुइट साहेब सोफ्यावर बसले. त्यांनी विचारलं, "मिस्टर वॅन, हा नको म्हणाला होता का?"

"हो, साहेब."

"एकदा?"

"नाही, सारखाच म्हणत होता."

"मग तुम्ही देत का राहिलात?"

आता याला आग्रह कसा समजावायचा, तुम्हीच सांगा! मी म्हणालो, "साहेब, आमच्याकडे पाहुणा आधी नको म्हणतो. मग आम्ही परत विचारतो. तो परत नको म्हणतो. मग आम्ही वाढतो."

"म्हणजे तुमच्याकडे नको म्हणजे हो?"

"नाही, साहेब."

"हे जे तुम्ही आत्ता नाही म्हणालात, ते नाही आहे की हो आहे?"

मला घाम फुटला. डॅरेलने हसू दाबायला तोंड फिरवलं.

साहेब म्हणाले, "वस्तू परत आल्या. गाडीतून आणलं ते जेमतेम दोन गल्ल्या. आता प्रश्न जेवणाचा. भरपेट जेवण झालं असेल तर ते गंभीर आहे. मिसेस वॅन, याने काय काय खाल्लं?"

मी डोळे मिटले. आता ही पातेल्याचं माप सांगणार आणि पोराचं वर्ष गेलं!

पण सुनंदा पदराला हात पुसत पुढे आली आणि, देवाशपथ सांगतो, एक क्षणही न थांबता म्हणाली, "खाल्लं? कुठे खाल्लं? ही एट नथिंग!"

प्रुइट साहेबांनी मान वर केली. "काहीच नाही?"

"नथिंग! नुसतं चिवडलं. एवढं मोठं पोर, आणि चिमणीएवढं खाणं. मला इतकं वाईट वाटलं!"

अहो, ती खोटं बोलत नव्हती! नीट समजून घ्या. कुणी आपल्याकडे पंगत उठेस्तोवर जेवलं तरी घरातली बाई काय म्हणते? 'काहीच खाल्लं नाही हो तुम्ही!' तेच ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

डॅरेल मात्र प्रामाणिक. तो गडबडून उठला, "बट मॅम, आय एट द होल..."

"गप रे!" सुनंदा कडाडली. "काही खाल्लं नाहीस! माझ्यासमोर तर बसला होतास!"

तो मुकाट्याने खाली बसला. प्रुइट साहेबांनी सुनंदाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर एवढी खरीखुरी हळहळ होती की त्यांना संशय घ्यायला जागाच उरली नाही. त्यांनी लिहिलं, 'जेवण घेतलं नाही.'

निकाल लागला. पोराला फक्त पहिली मॅच बाहेर बसवलं. स्कॉलरशिप शाबूत. सुनंदाने तिथल्या तिथे पदराने डोळे टिपले. आणि मला? मला क्लबमधून काढलं. शिवाय डॅरेलचा कॉलेजातला खेळ संपेपर्यंत मी त्याच्याशी एक शब्दही बोलायचा नाही. चार वर्षं! बिल्ला मी स्वतःच्या हाताने काढून दिला. रडलो नाही, पण टोपी बराच वेळ डोळ्यांवर ओढलेली होती.

साहेब निघताना सुनंदा चहा घेऊन आली. "नो, थँक यू," ते म्हणाले. सुनंदाने सवयीने कप पुढे केला, तर मी झडप घालून ट्रे काढून घेतला आणि आत नेऊन चहा मोरीत ओतला. नको म्हणजे नको! मी शिकलो होतो!

आणि इतका शिकलो, इतका शिकलो की विचारू नका. नवा मुल्ला जास्त जोरात बांग देतो ना, तसा झालो मी! पुढची चार वर्षं आमच्या घरी कुणी 'नको' म्हणालं की संपलं. पोटभर जेवायला आलेले मंडळातले काका पहिल्या पुरीनंतर शिष्टाचार म्हणून "पुरे हो" म्हणायचे, आणि मी त्यांच्यासमोरून ताट उचलायचो! एका काकूंनी बासुंदीला "नको गं बाई" म्हटलं, तर वाटी गायब. बिचाऱ्या रिकाम्या जागेकडे बघत बसल्या. लोक सर्द व्हायचे. मंडळात म्हणायला लागले, वानखड्यांकडे जायचं तर घरून जेवून जावं. नागपूरच्या माणसाची ही कीर्ती! सुनंदा कपाळाला हात लावायची. मी तिला ठणकावून सांगायचो, "या देशात नको म्हणजे नको."

मॅच मी बघत होतो, अगदी वरच्या रांगेतून. तिथून डॅरेलसुद्धा बुटका दिसायचा. पण पोरगं काय खेळलं! चार वर्षं मी त्याच्या नावाने ओरडून घसा बसवला आणि त्याला कळूही शकत नव्हतं की त्यातला एक आवाज माझा आहे. त्याचं फार वाईट वाटायचं. एवढं घडलं आणि त्याला साधं 'सॉरी, बाळा' म्हणायचीही चोरी!

त्याच्या शेवटच्या वर्षी मीनल त्याच कॉलेजात गेली. बंदी माझ्यावर होती, तिच्यावर थोडीच? एका क्लासला दोघं एकत्र. येऊन सांगायची, "डॅरेल सेज हाय." मी लगेच कानांवर हात ठेवायचो. न जाणो, हाय म्हणजेही गिफ्ट असायचं!

मार्चमध्ये त्याची शेवटची मॅच झाली. जिंकले की हरले ते जाऊ दे. पुढच्याच रविवारी बेल वाजली. दार उघडलं, तर समोर शर्टाची बटणं. वर पाहिलं.

"मिस्टर वॅन," तो म्हणाला, "आय ॲम डन. आय कॅन ईट नाउ."

मी म्हणालो, "सॉरी, बाळा." चार वर्षं घोकून ठेवलेलं एवढंच बाहेर आलं. त्याने वाकून मला मिठी मारली. माझं तोंड त्याच्या पोटाशी. मग मी मनसोक्त रडलो.

सुनंदाने परत तेच केलं होतं. सावर क्रीमचं श्रीखंड, वेलदोडा, केशर. मीनलने त्याला सांगून ठेवलं असणार आणि आईलाही. पुऱ्या फुगत होत्या. डॅरेल टेबलापाशी बसला, गुडघे बाहेर काढून. पहिल्या घासाला त्याने परत तसेच डोळे मिटले. सुनंदा शेजारी उभी, डाव सज्ज. थोडं खाऊन झालं आणि तो छान हसून, हात आडवा करून म्हणाला, "नो, मॅम. थँक यू."

सुनंदाचा डाव पुढे झाला. पण मी तिच्या आधी उठलो होतो!

"थांब!" मी म्हणालो. "नको म्हणालाय तो. एकदा चुकलो, परत नाही." आणि मी त्याच्या पानातली वाटी उचलली, टेबलावरचं श्रीखंडाचं पातेलं उचललं, पुऱ्यांचं ताट काखेत मारलं, आणि सगळं आत नेऊन फ्रिजजवळ ठेवलं. काय अभिमान वाटत होता मला! चार वर्षांनी का होईना, पोराचा शब्द मी पाळला!

मी वळून पाहिलं. सुनंदा डाव हातात घेऊन पुतळ्यासारखी उभी. मीनलने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलेलं. आणि डॅरेल रिकाम्या टेबलाकडे असा बघत होता, जणू शेवटच्या सेकंदाला हातातला चेंडू कुणी काढून नेलाय.

तो हळूच म्हणाला, "सर... दॅट वॉज ओन्ली माय फर्स्ट नो."

"काय?"

"मीनलने शिकवलंय. तुमच्याकडे लगेच हो म्हटलं तर हावरट दिसतं. आधी नको, मग परत नको, मग हो." तो अगदी ओशाळला होता. "आय वॉज ट्राइंग टु डू इट राइट."

माझ्या डोक्यावर कुणी बर्फाची बादली उपडी केली! अमेरिकेतलं पोरगं माझ्या घरची रीत शिकून आलं, आणि मी त्याच्या देशातली! मी धावत फ्रिजकडे गेलो, पातेलं उचललं, दारात आलो आणि विचारलं, "मग डॅरेल, वाढू ना रे?"

तो लाजला. मान खाली घालून, अतिशय अदबीने म्हणाला, "नो, सर."

आणि मी तिथेच, पातेलं घेऊन, दारात उभा. पुढेही पाऊल टाकवेना, मागेही. हे दुसरं की खरं?

"अहो वाढा!" सुनंदा आणि मीनल एकदम ओरडल्या.